उलटीचा दोष भज्यांना देऊ नका

गड्ड्यात, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेतल्या जत्रेत, कुणाला उलटी झाली की आपल्याकडे पहिला संशय भज्यांवर जातो. भजी नसतील तर उसाचा रस, तोही नसेल तर 'दुपारी जेवला नाही म्हणून पित्त झालं'. आमच्या वहिनींचा तर नियमच आहे, आधी पाळणे मग खाणं. यंदा भाच्याने तो नियम अगदी काटेकोर पाळला, रिकाम्या पोटी 'ब्रेक डान्स' नावाच्या गरगर फिरणाऱ्या पाळण्यात बसला आणि खाली उतरून, जत्रा भरते त्या होम मैदानाच्या कडेला ओकला. वहिनी म्हणाल्या, "बघा ताई, उपाशी राहिला म्हणून झालं." यावर काय बोलणार!

मी कान-नाक-घशाच्या दवाखान्यात ऑडिओलॉजिस्ट आहे. ऐकण्याची तपासणी करते, तशीच चक्कर येणाऱ्यांचीही. त्यातली एक तपासणी पाहिली तर वहिनींचा नियम तिथेच मोडेल. पेशंटला डोकं जरा उंच ठेवून आडवं झोपवायचं आणि कानात 30 अंशांचं पाणी सोडायचं. थोड्या वेळाने 44 अंशांचं. शरीराच्या तापमानापेक्षा 7 अंश कमी आणि 7 अंश जास्त, एवढंच. माणूस जागचा तसूभर हलत नाही, पण डोळे एका बाजूला झटके देऊ लागतात, "पलंग फिरतोय की ओ मॅडम" म्हणत तो कडेचा दांडा घट्ट धरतो, आणि एखाद्याला मळमळून उलटीही होते. म्हणून पेशंटला आम्ही पोट हलकं ठेवून बोलावतो, पण त्याने उलटी टळत नाही, फक्त नंतरची साफसफाई कमी होते.

ही युक्ती व्हिएन्नाच्या रॉबर्ट बारानी यांची. कान धुताना पाणी गार असेल तर पेशंटचे डोळे एका दिशेला झटके देतात आणि गरम असेल तर उलट दिशेला, हे त्यांच्या लक्षात आलं. त्या कामासाठी त्यांना 1914 चं नोबेल मिळालं. बातमी पोहोचली तेव्हा ते रशियात युद्धकैदी होते.

तर भानगड कानात आहे. आतल्या कानात प्रत्येक बाजूला तीन अर्धवर्तुळाकार नळ्या असतात, तिन्ही वेगवेगळ्या प्रतलांत, आणि आत द्रव भरलेला. पाण्याने भरलेला तांब्या गर्रकन फिरवला तर तांब्या फिरतो पण पाणी आधी मागे राहतं. तसाच फिरवत राहिलात की पाणीही त्याच वेगाने फिरू लागतं, आणि तांब्या एकदम थांबवला तरी आतलं पाणी फिरतच राहतं. कानातही तेच. एकाच वेगाने 20-30 सेकंद फिरलं की फिरण्याची जाणीव विरते, आणि थांबल्यावर उलट्या दिशेने फिरतोय असं वाटतं. फुगडी घालून थांबलेल्या पोरी अशाच झोकांड्या खातात.

पण नुसत्या फिरण्याने सगळ्यांना मळमळत नाही. लहान मुलांचं घोड्यांचं चक्र तासभर फिरलं तरी कुणी ओकत नाही. मोठ्या आकाशपाळण्यात पोटात गोळा येतो, आजीबाई देवाचा धावा करतात, पण ती भीती. भीती वेगळी, मळमळ वेगळी. खरा खलनायक ब्रेक डान्स. त्यात खालची मोठी चकती एका दिशेने फिरते, तिच्यावरच्या छोट्या चकत्या स्वतःभोवती फिरतात, आणि त्यांच्यावरचा आपला डबा मोकळा, वजन जिकडे असेल तिकडे वळणारा. कानाला एका फिरण्याची सवय होते न होते तोच दिशा बदलते.

यात सगळ्यात वाईट काय, तर फिरत असताना मान हलवणं. गोल फिरता फिरता डोकं खाली घातलं की एक नळी फिरण्याच्या प्रतलातून बाहेर पडते आणि 'थांबलो' असं कळवते, दुसरी त्या प्रतलात शिरते आणि 'निघालो' म्हणते. दोघींची बेरीज करून मेंदूला वाटतं आपण कोलांटी खातोय, प्रत्यक्षात तसं काहीच नसतं. डोळे तिसरंच सांगत असतात. म्हणून मी गड्ड्यात कठड्याला टेकून बघत उभी राहते तेव्हा कोण ओकणार ते आधीच कळतं. रील काढायला मोबाईलमध्ये मान घातलेला पोरगा, आणि निसटलेली चप्पल उचलायला वाकलेली बाई. भाच्याचीही चप्पलच निसटली होती.

'कोलंबस' नावाची ती झुलणारी होडी मात्र वेगळ्या कारणाने त्रास देते. साधारण पाच सेकंदांना एक या संथ लयीचं हेलकावणं माणसाला सर्वांत जास्त मळमळवतं, हे बोट लागण्याच्या अभ्यासातून कळलंय, आणि तिचे झोके त्याच्याच आसपास पडतात. अर्धशिशीवाल्यांनी तिच्या वाटेलाच जाऊ नये.

या सगळ्याचा उलटीशी संबंध काय? 1977 मध्ये मानसशास्त्रज्ञ मिशेल ट्राइसमन यांनी मांडलेला तर्क मला आवडतो. कान आणि डोळे यांचं जमेना की मेंदूला विषबाधेचा संशय येतो आणि तो पोट रिकामं करायला लावतो. सिद्ध झालेलं नाही, पण पटण्यासारखं आहे. एवढं मात्र पक्कं, की दोन्ही कानांतले हे अवयव पूर्ण निकामी झालेल्यांना बोट लागत नाही. पोट त्यांचंही आपल्यासारखंच असतं.

बसायचंच असेल तर डोकं पाठीला घट्ट टेकवा आणि नजर समोरच्या दांड्यावर ठेवा. बाहेरचे दिवे बघू नका, बसमध्ये खिडकीबाहेर बघण्याचा सल्ला इथे उपयोगाचा नाही. चप्पल आधीच काढून ठेवा. प्रवासाच्या गोळ्या झोप आणतात, त्या डॉक्टरांना विचारूनच.

ब्रेक डान्सवर पोरं बसवणारा एक कामगार चालत्या चकतीवर हात सोडून फिरत होता. त्याला विचारलं, "तुला नाही होत काही?" म्हणाला, "सुरुवातीला लई व्हायचं मॅडम, जेवण जात नव्हतं. आता बसतच नाही कधी, उभाच असतो. पण गड्डा उठला की दोन दिवस जमीन हलती बघा." सरावाने मेंदू फिरणंच खरं धरून बसतो, मग स्थिर जमीन त्याला परकी वाटते. बोटीवरून उतरलेल्या खलाशांनाही हेच होतं. त्याला म्हटलं, दोन दिवसांत जातं ना, मग गोळी नको. आठवडाभर राहिलं तर मात्र दवाखान्यात ये.