फ्रोझनसाठी आलेला तुकडा

ऑपरेशन थिएटरमधून सर्जनचा फोन मला पॅथॉलॉजी लॅबमध्ये आला तेव्हा पेशंटचं पोट उघडलेलं होतं. "मॅडम, पेरिटोनियमभर पांढरे दाणे आहेत. ओव्हरीचा कॅन्सरच. तुम्ही नक्की केलंत की पुढचं काढतो." पेरिटोनियम म्हणजे पोटाचं आतलं अस्तर; पुढचं म्हणजे गर्भाशय आणि दोन्ही अंडाशय. पेशंट 26 वर्षांची.

फ्रोझन सेक्शनचा, म्हणजे ऑपरेशन चालू असतानाच तुकडा गोठवून केलेल्या तपासणीचा, निकाल वीसेक मिनिटांत द्यायचा असतो. तुकडा क्रायोस्टॅट या गोठवून काप घेणाऱ्या यंत्रात उणे 20 अंशांच्या आसपास गोठवायचा, पाचेक मायक्रॉन जाडीचे काप घ्यायचे, रंगवायचे. बर्फाने पेशी विस्कटतात, नेहमीच्या स्लाइडची सफाई त्यात नसते. तरीही दिसत होतं ते स्वच्छ होतं: एपिथेलॉइड (दाहात गोळा होणाऱ्या) पेशींचे पुंजके, कडेने नालासारखी केंद्रकं मांडलेल्या लँगहान्स जायंट सेल्स आणि मधोमध गुलाबी, रचनाहीन केसिएशन, म्हणजे चीजसारखी मेलेली ऊती. कॅन्सरची पेशी एकही नाही. अशा पुंजक्यांना ग्रॅन्युलोमा म्हणतात; त्यात केसिएशन असलं की पहिला संशय टीबीचा.

"ग्रॅन्युलोमा आहेत. काही काढू नका. आणि एक तुकडा सलाइनमध्ये पाठवा, फॉर्मॅलिनमध्ये नको!"

हे शेवटचं सांगून सांगून माझा घसा बसलाय. फॉर्मॅलिन हे तुकडे टिकवायचं द्रावण, त्यात टीबीचे जंतू मरतात. मग कल्चर नाही, म्हणजे जंतू वाढवून पाहता येत नाहीत, आणि ते कोणत्या औषधाला दाद देत नाहीत हेही कळत नाही. क्रायोस्टॅट निर्जंतुक होईपर्यंत आमची बाकीची फ्रोझन अडकली, ते वेगळंच.

नंतर फाइल चाळली. ओव्हरीच्या कॅन्सरसाठी पाहतात ते रक्तातलं सीए-125 वाढलेलं, त्याभोवती लाल वर्तुळ. पेरिटोनियमला कशानेही सूज आली तरी ते वाढतं, पण आकडा मोठा दिसला की विचार थांबतो. पोटातल्या पाण्यात बहुतेक लिम्फोसाइट (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी), कॅन्सरच्या पेशी नाहीत. त्या पाण्यातलं एडीए, टीबीत वाढणारं एन्झाइम, तपासायला पाठवलंच नव्हतं! ते 40 युनिट/लिटरच्या वर आलं असतं तर कुणीतरी थबकलं असतं. छातीचा एक्स-रे स्वच्छ, म्हणून टीबी बाद. पोटाच्या टीबीत निम्म्याहून अधिक जणांचा एक्स-रे स्वच्छच असतो.

टीबीचा जंतू रंगवून दाखवणाऱ्या झील-नील्सन रंगात जंतू दिसला नाही. "मग टीबी कशावरून?" सर्जनचा प्रश्न रास्त होता. इथे जंतू मुळातच विरळ असतात. मी 'केसिएशनसह ग्रॅन्युलोमॅटस दाह, क्षयाशी सुसंगत' इतकंच लिहिलं. फिजिशियननी त्यावर सहा महिन्यांचे उपचार सुरू केले. त्या कापात केसिएशन आलं नसतं तर फोनवर मी इतक्या ठामपणे बोलले असते का, हे अजून ठरवता येत नाही.

काही आठवड्यांनी सलाइनमधल्या तुकड्याचं कल्चर पॉझिटिव्ह आलं, रिफॅम्पिसिन या टीबीच्या मुख्य औषधाला दाद देणारं. तोवर तिचं पोट उतरलं होतं, सीए-125 सुद्धा. तेच सर्जन आता पाण्याबरोबर एडीए न विसरता पाठवतात. तुकडे मात्र अजून फॉर्मॅलिनमध्येच.