आमची वाटचाल: स्टुडिओच्या खणातले फिल्टर

अण्णांनी साताऱ्यात फोटो स्टुडिओ टाकला १९८६ साली. पुढे काउंटर, मागे पडदा आणि स्टूल, आत डार्करूम, एवढंच दुकान. मी शाळेतून आले की काउंटरवर बसायचे आणि खालच्या खणातले फिल्टर, म्हणजे लेन्सच्या तोंडावर लावायच्या काचा, काढून डोळ्याला लावून रस्ता बघायचे, पिवळा, नारिंगी, लाल, निळा. काचेला बोट लागलं की अण्णा ओरडायचे, मग स्वतःच मऊ फडकं घेऊन पुसत बसायचे.

त्या प्रत्येक काचेला काम होतं. ब्लॅक अँड व्हाइटला पिवळा लावला की आकाश जरा गडद येतं आणि ढग उठून दिसतात, अजिंक्यताऱ्याचे फोटो अण्णा कायम पिवळा लावूनच काढायचे. ८०ए नावाचा निळा बल्बच्या उजेडासाठी, कारण कलर रोल दिवसाच्या उजेडाचा असायचा आणि फ्लॅश न मारता घरात फोटो काढला की माणसं नारिंगी यायची. यूव्ही, म्हणजे अतिनील किरणं अडवणारी साधी काच, तोही खरंच उपयोगाचा होता, फिल्मला अतिनील किरणं कळायची, लांबचे डोंगर धुरकट यायचे, ते थोडं कमी व्हायचं.

२००९ ला मी दुकान हातात घेतलं तोवर हा सगळा खण झोपला होता. बल्बचा नारिंगीपणा आता व्हाइट बॅलन्सच्या, म्हणजे रंगाची झाक सुधारण्याच्या, एका बटणात गेला, पिवळा-लाल इफेक्ट कॉम्प्युटरवर नंतर देता येतो, आणि डिजिटल कॅमेऱ्यात फिल्मच्या जागी जो सेन्सर असतो त्याच्या पुढेच अतिनील आणि इन्फ्रारेड अडवणारी काच कंपनीतूनच बसवलेली असते. म्हणजे यूव्ही फिल्टर डिजिटलला फोटोसाठी जवळपास काहीच करत नाही, लेन्सवर धूळ-ओरखडा येऊ नये म्हणून लावायची ती एक काच.

हे मला तेव्हा माहीत होतं का, तर अर्धवट. २०१० नंतर डीएसएलआर, म्हणजे लेन्स बदलता येणारे मोठे कॅमेरे, घेणारी कॉलेजची पोरं यायला लागली, निकॉन डी ३१००, कॅनन १०००डी, मग १२००डी, आणि सगळीकडे तसंच आम्हीही बॅग, कार्ड आणि दोन-अडीचशेचा यूव्ही असं एकत्र बिलात लावायचो. कॅमेऱ्यात मार्जिन फार नसतं, या बारीकसारीक वस्तूंवरच दुकान चालतं, हे खरं आहे आणि ते लपवण्यात अर्थ नाही.

मग एका दिवाळीनंतर एक मुलगी आली, आमच्याकडूनच कॅमेरा घेतलेला, म्हणाली ताई कॅमेरा खराब आहे, प्रत्येक फोटोत हिरवे ठिपके येतायत. तिने आजीच्या घरच्या अंगणातल्या पणत्यांचे फोटो काढले होते, खूप मन लावून, आजी पणती लावतेय असे. आणि प्रत्येक पणतीचा एक फिकट हिरवा ठिपका फोटोच्या बरोबर समोरच्या बाजूला, उलटा. मी तो यूव्ही काढला, दुकानातले लाईट बंद केले, मेणबत्ती लावून दोन फोटो काढले, एक फिल्टर लावून, एक काढून. फिल्टर काढला की ठिपका गायब. साध्या, कोटिंग नसलेल्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून साधारण ४ टक्के उजेड परत फिरतो, दोन बाजू म्हणजे ८, त्यात सेन्सरवरून उलटा आलेला उजेड त्या सपाट काचेवर आपटून पुन्हा आत जातो आणि ठिपका बनतो. चांगल्या मल्टीकोटेड, म्हणजे चमक कमी करणारे थर दिलेल्या, काचेत हेच एका बाजूला एका टक्क्याच्या खाली येतं. तिचा कॅमेरा ठणठणीत होता, काच आम्ही विकलेली होती. तिचे पैसे परत दिले पण आजीची दिवाळी काही परत देता आली नाही, ते मला अजून लागतं.

त्यानंतर कॅमेऱ्याबरोबर यूव्ही लावणं बंद. कोणी मागितला तर देतो, कोकणात समुद्रावर जाणार असेल, खारं पाणी आणि वाळू उडणार असेल तर स्वतःहून सांगतो पण मल्टीकोटेडच, आणि रात्री दिव्यांचे फोटो काढताना काढून ठेव हे बिलाच्या मागे लिहून देतो. पहिल्या वर्षी त्यातला गल्ला चांगलाच कमी झाला. अण्णा म्हणाले होऊदे.

आम्हाला पुढे नेलं ते कासने. २०१२ ला पश्चिम घाटाबरोबर कास पठार जागतिक वारसा यादीत आलं आणि ऑगस्ट-सप्टेंबरात कॅमेरे घेऊन येणाऱ्यांची रीघच लागली, जाता-येता लोक दुकानात डोकवायचे. सगळ्यांची तक्रार एकच, फुलं डोळ्याला दिसतात तशी फोटोत येत नाहीत, हिरवं पांढुरकं दिसतं. कारण ओल्या पानांवर ढगाळ आकाशाची चमक असते, तेरडा असो की सीतेची आसवं, रंग त्या चमकेखाली झाकला जातो. सीपीएल, म्हणजे चमक अडवणारा, लेन्सवर फिरवता येणारा पोलरायझर फिल्टर, लावून फिरवला की ती चमक निघते आणि खालचा रंग वर येतो, आणि हे एडिटिंगमध्ये नंतर नीट करताच येत नाही, चमकेखालचं सेन्सरने टिपलेलंच नसतं. म्हणून नवशिक्याने एकच फिल्टर घ्यायचा तर सीपीएल, हे मी आजही ठामपणे सांगते. लोकांना वाटतं तो निळ्या आकाशासाठी असतो, तसा आहेही, सूर्य खांद्याच्या बाजूला म्हणजे ९० अंशात असेल तर आकाश सगळ्यात गडद होतं, पण आपल्याकडे पावसाळ्यात त्याचं खरं सोनं होतं.

त्यातही खाचाखोचा आहेत. उजेड दीड-दोन स्टॉप कमी होतो (एक स्टॉप म्हणजे निम्मा), म्हणून संध्याकाळी विनाकारण लावून ठेवू नये. कॅमेऱ्याबरोबर मिळणाऱ्या जुन्या १८-५५ किट लेन्समध्ये फोकस करताना पुढची काच स्वतःच फिरते, म्हणून आधी फोकस आणि मग फिल्टर फिरवायचा. आणि इंद्रधनुष्य दिसलं तर जपून, चुकीच्या बाजूला फिरवलात तर इंद्रधनुष्यच पुसलं जातं, एका गिऱ्हाईकाचं यवतेश्वरच्या घाटात तसंच झालं होतं.

साईजचा घोळ तर रोजचा. लोक १८-५५ वाचून ५५ मिमीचा फिल्टर मागतात. तो आकडा फोकल लेंथचा, म्हणजे लेन्स किती जवळचं-लांबचं दाखवते त्याचा. फिल्टरचा आकडा लेन्सच्या तोंडावर, गोलावर तिरकी रेघ असलेल्या चिन्हापुढे असतो, नाहीतर बऱ्याचदा कॅपच्या आतल्या बाजूला. जुन्या निकॉन किटला ५२, कॅनन किटला ५८. दोन-तीन लेन्स घ्यायच्या असतील तर प्रत्येकीला वेगळा सीपीएल घेऊ नका, मोठ्या साईजचा एकच चांगला घ्या आणि लहान लेन्सवर मोठा फिल्टर बसवणारी स्टेप-अप रिंग लावा, रिंग स्वस्त पडते, फक्त मग लेन्सपुढचं सावलीचं हूड बसत नाही.

एनडी, म्हणजे शटर जास्त वेळ उघडं ठेवता यावं म्हणून उजेड कमी करणारी काळसर काच, तिचं वेड ठोसेघरच्या धबधब्यामुळे आलं, सगळ्यांना पाणी दुधासारखं हवं आणि सगळे मागतात एनडी १०००, म्हणजे उजेड हजार पट कमी. पावसाळी उजेडात एफ ११ ला, म्हणजे लेन्सचं छिद्र बारीक ठेवून, १/३० सेकंद शटर येत असेल तर १००० ने ते ३० सेकंदांच्या वर जातं, तेवढ्यात नेचे हलतात, तुषार काचेवर बसतात, फोटो गेला. एनडी ६४ ने तेच २ सेकंद होतं, ते पुष्कळ आहे. ट्रायपॉड नसेल तर मी एनडी देतच नाही. व्हेरिएबल एनडी, फिरवून कमी-जास्त करता येणारा, म्हणजे आत दोन पोलरायझर, जास्त फिरवला की वाईड लेन्सवर आकाशात काळी फुली उमटते, तो व्हिडिओवाल्यांसाठी ठीक. २०१९ च्या २६ डिसेंबरच्या ग्रहणाआधी एनडी १००० लावून सूर्य बघता येईल का म्हणून किती लोक आले, सगळ्यांना नाही म्हणून परत पाठवलं. सूर्यासाठीचा फिल्टर उजेड लाखात एक करतो आणि हा हजारात एक, डोळ्याचा प्रश्न आहे.

लॉकडाऊनमध्ये स्टुडिओचा भाग बंद केला तो केलाच. डार्करूमच्या जागी आता फिल्टरची मांडणी आणि लेन्स साफसफाई. फिल्टर अडकलेले पण येतात, पकडीने दाबून आणखी वाकवलेले, खरं तर रबरबँड गुंडाळून हलक्या हाताने फिरवला की बहुतेक निघतो, जितका दाबाल तितका गोल बिघडतो.

परवा एक मुलगा आला, कॅनन आर ५० कॅमेरा आणि १८-४५ ची लेन्स, हातात यूव्ही-सीपीएल-एनडी असा स्वस्त सेटचा फोटो, हा द्या म्हणाला. मी त्याला एक सीपीएल दिला हातात आणि दुकानाच्या दारात उभं केलं, समोर एक गाडी लावलेली होती, काचेत नुसतं आकाश दिसत होतं. म्हटलं डोळ्याला लाव आणि सावकाश फिरव. तो फिरवत राहिला आणि एकदम थांबला, म्हणाला ताई, आत सीटवर कुत्रं झोपलंय.

त्याला ४९ मिमीचा मल्टीकोटेड सीपीएल दिला. सेट नाही घेतला त्याने.