बोलेरोला विंच बसवली, पण सुरुवात बॅटरीपासून

आमचं शेत मोहोळच्या बाजूला, जमीन काळी. सोलापूरकडे खरा पाऊस सप्टेंबरात पडतो आणि तेव्हा शेतरस्त्यात गाडी रुतली की कुणाचा तरी ट्रॅक्टर मागत फिरायचं. म्हणून 12 व्होल्टची, 9500 पाउंडांची ओढ असलेली विंच घेतली, म्हणजे रुतलेली गाडी दोर गुंडाळून ओढणारी बॅटरीवरची मोटर.

अक्कलकोट रोडवरच्या ऑटो इलेक्ट्रिशियन चाचांनी खोक्याकडे बघितलंही नाही. "ते नंतर बघू की पाटील. आधी बॉनेट उघडा."

खोक्यावरचे पाउंड सगळेच वाचतात. आतल्या कागदावरचा अ‍ॅम्पिअरचा तक्ता मात्र तसाच राहतो, आणि गाडीचं काय होणार ते त्यातच लिहिलेलं असतं. दोर नुसता गुंडाळताना मोटर 70-80 अ‍ॅम्पिअर घेते, पूर्ण भाराला 400च्या आसपास. सेल्फही करंट खातो, पण दोन-तीन सेकंद. विंच मिनिटभर ओढत राहते. माझा डायनामो 90 अ‍ॅम्पिअरचा, तोही रेस दिली तर. 300 अ‍ॅम्पिअरने मिनिटभर ओढलं की 5 अ‍ॅम्पिअर-तास खर्च. डायनामो तेवढ्यात फार तर दीड देणार. बाकी सगळं बॅटरीच्या अंगावर.

लोड टेस्टर (बॅटरीवर भार टाकून तपासायचं यंत्र) लावताच जुनी बॅटरी ढेपाळली. नवी घेताना सीसीए, म्हणजे थंडीत बॅटरी एकदम किती अ‍ॅम्पिअर देऊ शकते तो आकडा, 650च्या वरचा बघितला. हा आकडा उणे 18 अंशांना मोजतात, मे महिन्यात सोलापुरात उभं राहून ते वाचलं की हसू येतं. पण एकदम मोठा करंट देण्याची ताकद त्यावरूनच कळते. आपल्याकडे बॅटरीला थंडी नाही, ऊन मारतं. त्यामुळे पावसाळ्याआधी ती तपासून घ्यायची.

मग केबल. दुकानदार 16 चौरस मिलिमीटरची देत होता, स्वस्तात. बॅटरीपासून विंचपर्यंत जाऊन-येऊन 4 मीटर धरले तर 300 अ‍ॅम्पिअरला त्या केबलीत सव्वा व्होल्टहून जास्त जातो आणि तिथे उष्णता होते जवळपास 400 वॉट. 35 चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या केबलीत हीच घट 0.6 व्होल्टच्या आसपास. आम्ही तीच घेतली. निगेटिव्ह चेसिसला न लावता थेट बॅटरीवर आणली, केबलीच्या टोकांना थिंबल (जोडणीची धातूची टोकं) नीट दाबून क्रिंप केले आणि पॉझिटिव्हवर बॅटरीजवळच कट-ऑफ स्विच टाकला. अपघातात केबल दबून शॉर्ट झाली तर एवढ्या करंटला वेल्डिंगच होतं, त्यामुळे या स्विचबाबत चाचा ऐकूनच घेत नव्हते.

चाचणी शेतातच घेतली. डीसी टाँग टेस्टर (केबलीभोवती चिमट्यासारखा धरून करंट मोजणारा मीटर) केबलीवर, इंजिन चालू. गाळातून ओढताना 260 अ‍ॅम्पिअर, बॅटरी 10.6 व्होल्टवर. मग झाडाला कप्पी बांधून दोर परत गाडीच्या हुकावर आणला. करंट 150च्या घरात आला. गाडी निम्म्या वेगाने सरकते, पण घाई कुणाला आहे? आणखी एक दिसलं: ड्रमवर दोराचे थर जितके जास्त, तितकी ओढ कमी. 9500 पाउंड हा आकडा फक्त सर्वांत खालच्या थराचा.

आता मिनिटभर ओढतो, मग इंजिन रेसवर ठेवून थांबतो. तेवढ्यात मोटरही निवते. दुसरी बॅटरी आणि आयसोलेटर (दोन बॅटऱ्या एकमेकींपासून वेगळ्या ठेवणारा स्विच) बसवायचा विषय निघाला होता. वर्षातून चार वेळा चिखल लागणाऱ्याला तो खर्च झेपत नाही. रोज गाड्या ओढायचा धंदा असेल, तर मात्र एका बॅटरीवर निघू नये.