चाळीस लाखांची मागणी आणि रॅकवरचे बार

भोसरी एमआयडीसीतलं एक टर्निंगचं वर्कशॉप. बुश आणि पिना बनवून मोठ्या कंपन्यांच्या व्हेंडरना देतात. मालकी बाईंच्या नावावर, उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) सूक्ष्म गटात. बँकेकडे मागणी एवढीच, की सीसी, म्हणजे कॅश क्रेडिटचं लिमिट (रोजच्या व्यवहारासाठी खात्यातून उचलता येणारी कमाल रक्कम) 20 लाखांवरून 40 लाख करा. सीएंनी दिलेल्या सीएमए डेटात, म्हणजे कर्जासाठीच्या आर्थिक अंदाजात, पुढच्या वर्षाची विक्री 2 कोटी धरली होती. लहान उद्योगांच्या खेळत्या भांडवलासाठी बँका वापरतात त्या नायक समितीच्या पद्धतीनं अंदाजित विक्रीच्या 20 टक्के लिमिट बसतं, म्हणजे बरोबर 40 लाख. हिशोब इतका चपखल बसला, की आधी लिमिट ठरलं आणि मग त्याला शोभेल अशी विक्री लिहिली हे कळत होतं. मागच्या बारा महिन्यांचे जीएसटीआर-3बी (जीएसटीची विवरणपत्रं) जुळवले तेव्हा विक्री निघाली 1 कोटी 24 लाख.

कर्जप्रस्ताव तपासण्याच्या या क्षेत्रात नव्यानं आलेल्या मुलींना मी एक गोष्ट आग्रहानं सांगते: पाहणीला स्वतः जा. बऱ्याच ठिकाणी कागदपत्रं मुलीकडे आणि साइट व्हिजिट पुरुष सहकाऱ्याकडे अशी वाटणी आपसूक होते. उन्हातान्हात फिरायला नको म्हणून ती सोयीची वाटते, पण त्यातच मुली मागे पडतात. माल ज्यानं पाहिला, त्याचंच मत सँक्शनच्या वेळी विचारलं जातं. भोसरीत गुरुवारी सुट्टी असते, म्हणून तो दिवस सोडून जायचं. यंत्रं चालू असताना जे दिसतं ते बंद शेडमध्ये दिसत नाही.

बँकेला दिलेल्या स्टॉक स्टेटमेंटमध्ये माल होता 19 लाखांचा. शेडमध्ये बारांचा रॅक भरलेला होता, त्यामुळे वरवर पाहता आकडा खरा वाटावा. जवळ गेल्यावर दिसलं, की काही बारांच्या टोकांना पिवळा रंग आहे आणि काहींना निळा. रंगानं सहसा स्टीलची ग्रेड ओळखतात, पण इथे दोन्ही बार एकाच ग्रेडचे होते. कारागिराला विचारलं, तर तो सहज म्हणाला, "निळा आपला नाही, कंपनीचा." जॉबवर्कसाठी ग्राहकानं पाठवलेला माल! चलनांची फाइल मागवून बेरीज केली तेव्हा असा माल 8 लाखांचा निघाला. तो शेडमध्ये असला तरी उद्योगाच्या मालकीचा नाही, म्हणून तारण म्हणून धरता येत नाही. लबाडी कुणी केली नव्हती. रजिस्टरमध्ये वजनानं एकत्र नोंद होत होती आणि अकाउंटंट त्या वजनाला बाजारभावानं गुणत होता, एवढंच.

ग्राहकांकडून येण्याच्या 28 लाखांपैकी 6 लाख 90 दिवसांच्या पुढचे होते. ड्रॉइंग पॉवर, म्हणजे माल आणि येणं यांच्या जोरावर प्रत्यक्ष किती उचलता येईल ते काढताना, हे वगळावे लागतात. त्यांच्या कागदावर हिशोब असा: माल 19, त्यातून पुरवठादारांचं देणं 5 वजा, राहिले 14, 25 टक्के मार्जिन (उद्योगानं स्वतः घालायचा वाटा) काढून साडेदहा, येणं 28, तेच मार्जिन काढून 21, एकूण साडेएकतीस लाख. प्रत्यक्षात माल 11 उणे 5 म्हणजे 6, त्याचे साडेचार. येणं 22, त्याचे साडेसोळा. एकूण 21 लाख. लिमिट 40 केलं असतं, तरी 21 च्या वर उचल करता आली नसती.

मग पैशाची ओढाताण कशामुळे? याचं उत्तर सीसीच्या खातेउताऱ्यात होतं. एका महिन्यात 7 लाखांची एकच रक्कम यंत्राच्या डीलरला गेली होती आणि तेव्हापासून उचल 19 लाखांच्या खाली आलीच नव्हती. वापरलेलं सीएनसी (संगणकावर चालणारं) यंत्र त्यांनी सीसीतून घेतलं होतं. यंत्र आपली किंमत वर्षानुवर्षं थोडी थोडी फेडतं, तर सीसीचा पैसा दोन-अडीच महिन्यांत मालातून बिलात आणि बिलातून खात्यात फिरायला हवा. तो यंत्रात अडकला, की कच्च्या मालाला रोख उरत नाही. माझ्या पाहण्यात लहान कारखाने व्याजदरापेक्षा या एका कारणानं जास्त घायकुतीला येतात.

पाहणीत बोलत होते ते बाईंचे यजमान. ऑर्डरी आणि यंत्रं यांची त्यांना खडान्‌खडा माहिती. पण थकीत बिलांचा विषय निघाला तेव्हा मी मुद्दाम बाईंना विचारलं, "ताई, हे सहा लाख कशात अडकलेत?" त्यांनी ड्रॉवरमधून लांब वही काढली. बिल नंबर, चलन, ग्राहकाकडे जीआरएन (माल मिळाल्याची नोंद) झाल्याची तारीख, पैसे आल्याची तारीख, सगळं त्यांच्या अक्षरात. 1 लाख 40 हजारांचा माल रिजेक्ट होऊन परत आला होता, पण क्रेडिट नोट (बिलाची रक्कम कमी करणारा कागद) काढलीच नव्हती. म्हणजे परत आलेल्या मालावरही जीएसटी भरून झाला होता. आर्थिक वर्ष संपल्यानंतर येणाऱ्या 30 नोव्हेंबरपर्यंत क्रेडिट नोट दाखवली, तरच तो कर कमी करता येतो. उरलेल्या 4 लाख 60 हजारांच्या बिलांवर वाढीव दर लावला होता, पण ग्राहकानं पीओमध्ये (खरेदीच्या लेखी ऑर्डरमध्ये) दुरुस्ती केली नव्हती. त्यामुळे त्यांच्या सिस्टिममध्ये बिलं पास होत नव्हती. तोंडी दरवाढ मिळाली, की आधी सुधारित पीओ घ्यायचा, मगच नव्या दरानं बिल काढायचं.

बाईंना आणखी एक गोष्ट नीट समजावून सांगणं माझं कामच होतं. सीजीटीएमएसईचं, म्हणजे लहान उद्योगांच्या कर्जाला मिळणाऱ्या सरकारी हमीचं संरक्षण बँकेला असतं. खातं थकलं, तर वसुली प्रोप्रायटरकडून, म्हणजे मालकाकडून होते आणि सिबिल त्यांचंच बिघडतं. कुटुंबासाठी सही करणाऱ्या कित्येक बायका सरकार हमी देतंय म्हणजे आपण मोकळ्या, असं समजून असतात. हे त्यांच्याशी समोर बसून, मराठीत, सहीच्या आधी बोललंच पाहिजे.

प्रस्ताव मी बदलला. सीसी 20 लाखांवरच ठेवली. यंत्राला मूल्यांकन अहवाल घेऊन 25 टक्के मार्जिन धरलं आणि सव्वापाच लाखांचं वेगळं मुदत कर्ज 48 हप्त्यांत सुचवलं. ते सीसी खात्यात जमा झालं, की उचल पावणेपंधरा लाखांवर येणार होती. स्टॉक स्टेटमेंटला जॉबवर्क मालाचा स्वतंत्र रकाना जोडला.

लहान उद्योगांसाठीच्या एमएसएमईडी कायदा 2006 नुसार लेखी करार असला, तरी ग्राहकाला 45 दिवसांच्या आत पैसे द्यावे लागतात. उशीर झाला, तर बँक दराच्या तिप्पट दरानं चक्रवाढ व्याज लागतं. पण तक्रार केली, की ऑर्डर बंद होईल ही बाईंची भीती खरी होती, म्हणून तो आग्रह मी धरला नाही. त्यांचा मोठा ग्राहक 250 कोटींच्या वरच्या उलाढालीचा, म्हणजे ट्रेड्सवर (लहान उद्योगांच्या बिलांवर आगाऊ पैसे मिळवून देणाऱ्या ऑनलाइन मंचावर) नोंदणी सक्तीची असलेला. तिथे ग्राहकानं बिल मान्य केलं, की बँका त्यावर बोली लावतात आणि पुढे ग्राहकानं पैसे थकवले, तरी ते विक्रेत्याकडून परत मागितले जात नाहीत. मात्र दर न जुळणारं बिल तिथेही मान्य होत नाही. म्हणून पीओच्या दुरुस्तीचं पत्र बाईंनी त्याच दुपारी माझ्यासमोर लिहायला घेतलं.