हिरवा दिवा आणि काचेचे टोक

दोन इमारतींना जोडणाऱ्या फायबरची, म्हणजे प्रकाशातून माहिती नेणाऱ्या काचेच्या केबलची तक्रार माझ्याकडे आली, तेव्हा दोन्ही बाजूंच्या स्विचवर (नेटवर्कमधली यंत्रे एकमेकांना जोडणारी पेटी) ती केबल जिथे जोडली होती त्या पोर्टचा हिरवा दिवा लागलेला होता आणि पिंगलाही, म्हणजे समोरचे यंत्र उत्तर देते का हे पाहणाऱ्या छोट्या संदेशालाही, व्यवस्थित उत्तर येत होते. मात्र पहिल्या इमारतीतून दुसरीकडे मोठी फाइल पाठवू लागले की वेग घसरत घसरत जवळजवळ थांबत असे, आणि उलट दिशेने तीच फाइल विनातक्रार येत असे. दिवा लागला आहे म्हणजे केबल ठीक आहे, असे गृहीत धरून मी दोन दिवस स्विचची सेटिंग तपासत राहिलो.

हे कोडे उलगडायचे, तर स्विच नेमके काय करतो ते पाहावे लागते. माहिती छोट्या तुकड्यांत जाते; अशा तुकड्याला फ्रेम म्हणतात. आलेल्या प्रत्येक फ्रेमवर पाठवणाऱ्याचा ४८ बिटांचा मॅक पत्ता, म्हणजे त्या यंत्राच्या नेटवर्क जोडणीचा पत्ता असतो. तो कोणत्या पोर्टवरून आला याची स्विच नोंद ठेवतो आणि पुढे त्या पत्त्यासाठी आलेली फ्रेम फक्त त्याच पोर्टवर सोडतो. पत्ता माहीत नसेल, तर बाकीच्या सर्व पोर्टवर पाठवतो. एवढे बहुतेकांना ठाऊक असते. ज्याकडे लक्ष जात नाही ती गोष्ट फ्रेमच्या शेवटी असते. तिथे ३२ बिटांचा सीआरसी, म्हणजे पडताळणीचा आकडा असतो. तो जुळला नाही, तर फ्रेम पूर्ण घेऊन मगच पुढे पाठवणारा स्विच ती टाकून देतो आणि पाठवणाऱ्याला काहीही कळवत नाही. पोच न आल्यामुळे टीसीपी, म्हणजे माहिती पोहोचल्याची खात्री करणारी पद्धत, ती माहिती पुन्हा पाठवते आणि वाटेत गर्दी झाली आहे असे समजून स्वतःचा वेग कमी करते. पिंगची छोटी फ्रेम पाचशे-सहाशे बिटांची असते, तर फाइलची भरलेली फ्रेम बारा हजार बिटांच्या वर जाते. त्यामुळे अधूनमधून एखादा बिट बिघडत असेल, तर पिंग सहसा सुखरूप निघून जाते आणि फाइल अडकते.

दुसऱ्या इमारतीतल्या स्विचवर सीआरसी एररचा काउंटर उघडून पाहिला, तर तो डोळ्यांदेखत वाढत होता. पहिल्या इमारतीत तोच काउंटर शून्यावर होता. केबलमध्ये जाण्याचा काचेचा धागा वेगळा आणि येण्याचा वेगळा असल्यामुळे, दोष दोन धाग्यांपैकी एकातच आहे हे तेव्हा लक्षात आले. एकाच दिशेचा संथपणा मला पहिल्या दिवसापासून हेच सांगत होता.

मग एसएफपी मॉड्यूलचे, म्हणजे फायबरसाठी पोर्टमध्ये बसवलेल्या प्रकाश पाठवणाऱ्या-घेणाऱ्या भागाचे, प्रकाशाचे आकडे पाहिले. निघताना उणे ६ डीबीएम (प्रकाशाची ताकद मोजायचे एकक), पोहोचताना उणे २१. मधले १५ डेसिबल गेले, म्हणजे निघालेल्या प्रकाशाचा साधारण तिसावा हिस्साच पोहोचत होता. आमचे सिंगल मोड, म्हणजे अगदी बारीक गाभ्याचे फायबर १३१० नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशाला किलोमीटरमागे सुमारे ०.३५ डेसिबल प्रकाश गमावते, आणि आमचे अंतर अर्ध्या किलोमीटरपेक्षाही कमी होते. दोन कनेक्टरचा अर्धा-अर्धा डेसिबल धरला, तरी हा हिशेब जुळत नव्हता.

इथे मला शास्त्रज्ञ चार्ल्स काव यांची आठवण होते. काचेतून प्रकाश लांब जात नाही याला काच जबाबदार नसून तिच्यातली अशुद्धी जबाबदार आहे, हे त्यांनी १९६६ मध्ये मांडले आणि त्या कामासाठी २००९ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. त्यांनी व्यवहार्यतेसाठी ठरवलेली मर्यादा किलोमीटरमागे २० डेसिबल होती, म्हणजे शंभरातला एकच भाग उरला तरी चालणार होते. आजच्या काचेत १३१० नॅनोमीटरला नव्वदाहून अधिक भाग उरतात. काचेच्या आतला मळ कारखान्यातच संपला आहे. उरला आहे तो टोकावरचा, आणि तो आपल्या हातांनी लागतो.

दोन्ही बाजूंचे पोर्ट बंद करून मी कनेक्टर काढला (हा प्रकाश अवरक्त असल्यामुळे डोळ्यांना दिसत नाही, म्हणून चालू फायबरमध्ये कधीही डोकावू नये) आणि टोक स्कोपखाली, म्हणजे टोके तपासायच्या सूक्ष्मदर्शकाखाली धरले. १२५ मायक्रॉनचे राखाडी वर्तुळ दिसले, मध्ये सुमारे ९ मायक्रॉनचा गाभा, आणि त्या गाभ्यावरूनच गेलेला तेलकट बोटाचा फराटा. टोक पुसणारा क्लीनर त्यावर बसवून ‘टिक’ असा आवाज येईपर्यंत दाबला, पुन्हा स्कोपखाली पाहिले, तर फराटा फिकट झाला होता; दुसऱ्यांदा दाबल्यावर गेला. समोरच्या मॉड्यूलचे तोंडही साफ केले, कारण मळकी टोके एकमेकांवर दाबली की मळ दोन्हीकडे बसतो. जोडल्यावर पोहोचणाऱ्या प्रकाशाचा आकडा उणे ७.५ वर आला आणि काउंटर शून्य केल्यावर दुसऱ्या दिवशीही शून्यच होता.

नव्या पॅच कॉर्डचे (जोडणीच्या छोट्या केबलचे) प्लास्टिकचे टोपणसुद्धा धूळ धरते, म्हणून पिशवीतून काढलेले टोकही मी आता पुसल्याशिवाय लावत नाही. जोडणी झाली की त्या दिवशी पोहोचलेल्या प्रकाशाचा आकडा आणि तारीख स्विचवर त्या पोर्टच्या वर्णनातच लिहून ठेवतो, म्हणजे पुढे तक्रार आली की आधी तो आकडा आजच्या आकड्याशी ताडून पाहता येतो.