तुम्ही विचारलंत म्हणून: शहराबाहेरचा स्वस्त प्लॉट घ्यावा का?

‘सोलापूर शहरात फ्लॅट घ्यायचा, की त्याच पैशात बाहेर दीड गुंठ्याचा प्लॉट घेऊन घर बांधायचं?’ हा प्रश्न सतत येतो. त्यामागोमाग दुसराही येतो: ‘तिकडे सिटी बस कधी येईल?’ आमच्या मते हे दोन्ही प्रश्न एकच आहेत. पहिल्याचं उत्तर आपण सगळे मिळून जसं देतो, त्यावर दुसऱ्याचं ठरतं.

आधी हिशेब करू. नोकरी घरापासून १२ किलोमीटरवर असेल, तर जाऊन-येऊन २४ आणि महिन्याच्या २५ दिवसांचे ६०० किलोमीटर होतात. दुचाकी लिटरला ४५ देत असेल तर सव्वातेरा-साडेतेरा लिटर पेट्रोल लागतं. १०५ रुपयांनी धरलं तर साधारण १,४०० रुपये. ऑइल, चेन, ब्रेक, टायर यांसाठी महिन्याला ४०० बाजूला काढावेच लागतात, म्हणजे १,८०० झाले. घर चारच किलोमीटरवर असेल तर हाच खर्च ६०० रुपयांत बसतो. फरक १,२०० चा. घरात दोघं कमावते असतील तर २,४०० चा.

आता हे गृहकर्जाच्या भाषेत मांडा. वीस वर्षांच्या कर्जाला साडेआठ टक्क्यांनी लाखामागे ८७० रुपयांच्या आसपास हप्ता बसतो. म्हणजे महिन्याचे २,४०० रुपये हा पावणेतीन लाखांच्या कर्जाचा हप्ता झाला. लांबचं घर जवळच्यापेक्षा पावणेतीन लाखांहून कमी फरकाने स्वस्त असेल, तर ते स्वस्त नाही. यात वेळ धरलेलाच नाही. रोज जाता-येता मिळून पन्नास मिनिटं जास्त लागली, तर ३०० दिवसांत २५० तास होतात. आठ तासांच्या ३१ पाळ्या.

बहुतेक जण फक्त नोकरीची फेरी मोजतात, आणि हिशेब तिथेच चुकतो. शाळा, क्लास, दवाखाना, भाजी, आई-वडिलांची औषधं या फेऱ्या नोकरीइतक्याच होतात. सात दिवस एका वहीत घरातल्या प्रत्येकाची प्रत्येक फेरी लिहा: कोण, कुठे, किती वाजता, कशाने. ती वही समोर ठेवून प्लॉट बघा. एकाची नोकरी पुणे रस्त्यावर चिंचोळीच्या एमआयडीसीत आणि दुसऱ्याची अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत असेल, तर शहराच्या दोन टोकांना दोघं आहात. अशा घराने मधेच राहावं. जुळे सोलापूर या उपनगरातून पूर्वेकडे जाणाऱ्यांनी रेल्वे रूळ कुठे ओलांडायचा हे आधी बघावं. रूळ ओलांडायच्या जागा मोजक्या असतात, त्यामुळे आसरा पुलासारख्या ठिकाणी सकाळी सगळी वाहनं एकत्र येतात. नकाशावरचे पाच किलोमीटर तिथे खरे राहत नाहीत.

या शहराची मूळ घडण वेगळी होती. गिरणीचा भोंगा ऐकून माणसं चालत कामावर जायची, कारण चाळी गिरणीच्या भोवती होत्या. शहराच्या पूर्व भागात तर खाली माग आणि वर बिऱ्हाड. विडी वळणाऱ्या बायका पान-तंबाखू घरी आणून वळत आणि तयार विड्या जवळच्या कारखान्यात देऊन येत. कामावर जाण्यासाठी वाहन लागतंच हा विचार इथे फार जुना नाही. १९९२ च्या हद्दवाढीनंतर महापालिकेचं क्षेत्र सुमारे १७८ चौरस किलोमीटर झालं आणि वस्ती रस्त्यांच्या कडेने पसरत गेली.

अक्कलकोट रोडवरच्या कुंभारी गावाचं उदाहरण नीट बघण्यासारखं आहे. विडी कामगार महिलांसाठी तिथे १०,००० घरांची गोदूताई परुळेकर वसाहत उभी राहिली, २००६ मध्ये चाव्या मिळाल्या. जवळच असंघटित कामगारांसाठी ३०,००० घरांचं रे नगर आहे, त्यातली १५,००० घरं १९ जानेवारी २०२४ रोजी दिली गेली. स्वतःच्या नावावर पक्कं घर ही फार मोठी गोष्ट आहे, तिचं मोल कमी करायचं नाही. पण ज्यांचं काम आणि मुक्काम जवळजवळ होते, त्यातल्या अनेक कुटुंबांना आता रोजची फेरी आली. वाहतुकीच्या दृष्टीने या वसाहतींची जमेची बाजू म्हणजे घरं दाट आहेत आणि राहण्यासाठीच घेतलेली आहेत. अशा ठिकाणी बस चालू शकते. अडचण दिशेची आहे. सकाळी गाडी शहराकडे भरून येते आणि परत मोकळी जाते, संध्याकाळी उलट. वाटेतल्या अक्कलकोट रोडच्या कारखान्यांची पाळी बसच्या वेळेशी जुळवली, तर उलट दिशेच्या फेरीतही माणसं बसतील.

तुमच्या प्लॉटिंगचं काय, ते आता बघू. माणूस बसथांब्यापर्यंत साधारण ४०० मीटर चालतो. तेवढ्या त्रिज्येच्या वर्तुळात ५० हेक्टर जमीन येते. रस्ते आणि मोकळ्या जागा वजा जाता ३० हेक्टर उरली, म्हणजे जवळपास ३,००० गुंठे, दीड गुंठ्याचे २,००० प्लॉट. सगळे बांधले गेले तर घरटी साडेचारच्या हिशेबाने ९,००० माणसं. त्यातला दहावा हिस्सा बसने गेला तरी ९०० प्रवासी होतात. दिवसाला २८ फेऱ्या धरल्या तर एका थांब्यावर दर फेरीला ३२ जण चढतील. आता दहातला एकच प्लॉट बांधलेला धरा. दर फेरीला तीन जण. तीन जणांसाठी कोणतीही महापालिका अर्ध्या-अर्ध्या तासाला गाडी सोडू शकत नाही. गाडी नाही म्हणून तेही दुचाकी घेतात, आणि थांबा कायमचा जातो. ‘घेऊन ठेवलाय, भाव वाढला की विकू’ असे मोकळे पडलेले प्लॉट शेजाऱ्याची बस अडवतात. हे आम्हाला मनापासून खटकतं.

इलेक्ट्रिक स्कूटरने हे सुटेल असं अनेकांना वाटतं. पैशाचा भाग बराच सुटतो. तीन युनिटच्या बॅटरीवर सत्तर-ऐंशी किलोमीटर जातात, म्हणजे ६०० किलोमीटरला अडीचशे-तीनशे रुपयांची वीज. उन्हाळ्यात पारा ४२ च्या वर असताना मात्र घरी आल्या आल्या चार्जर लावू नका, अर्धा तास सावलीत गार होऊ द्या. फ्लॅटमध्ये पार्किंगपर्यंत स्वतःच्या मीटरची वायर ओढता येईल का, हे खरेदीआधी विचारा. पण पुलावरची गर्दी आणि ते २५० तास स्कूटर बदलून कमी होत नाहीत.

प्लॉट बघायला रविवारी दुपारी जाऊ नका. सोमवारी सकाळी नऊला तिथून कामाच्या ठिकाणी जाऊन बघा आणि संध्याकाळी सहाला परत या. एकदा पावसाळ्यात जा. आपली काळी माती भिजली की मडगार्ड आणि टायरमध्ये गच्च बसते आणि चाक फिरेनासं होतं. पक्का रस्ता शेवटच्या किती मीटरवर संपतो, ते पावलांनी मोजा. विकास आराखड्यातला रस्ता दाखवत असतील तर तो ताब्यात घेतलाय का, हे महापालिकेच्या नगररचना विभागात विचारा. कागदावरच्या रस्त्यावरून बस जात नाही. लेआउटमधला रस्ता पुढच्या लेआउटला जोडलेला आहे की भिंतीला लागून संपतो, हेही बघा. बंद रस्त्यात १२ मीटर लांबीची बस वळत नाही.

प्लॉट आधीच घेतला असेल, तर बांधा किंवा जो बांधणार आहे त्याला द्या. शेजारच्या लेआउटची भिंत मधे असेल तर दोन्हीकडच्या लोकांनी बसून दोन मीटरची वाट काढा. आठशे मीटरचा वळसा दीडशेवर येतो आणि दोन लेआउट मिळून एक थांबा भरतो. मग परिवहन विभागाकडे अर्ज देताना नुसत्या सह्या देऊ नका. राहती घरं किती, कामावर कोण कुठे जातं आणि किती वाजता, हे त्या सात दिवसांच्या वह्यांवरून तक्त्यात भरून जोडा.