उलटीची गोळी मेंदूच्या दाराबाहेर थांबूनच काम करते

मेंदूतल्या केशवाहिन्यांच्या पेशी एकमेकींना इतक्या घट्ट जोडलेल्या असतात की रक्तातली बरीचशी औषधं आणि विषं मेंदूत पोचतच नाहीत. हाच ‘ब्लड-ब्रेन बॅरिअर’. पण काही मोजक्या जागी या केशवाहिन्यांना बारीक छिद्रं असतात. तहान आणि रक्ताचा खारटपणा जोखणाऱ्या दोन जागा पुढच्या भागात आहेत, पिट्यूटरी या मेंदूच्या तळाशी असलेल्या ग्रंथीचा मागचा भाग हार्मोन थेट रक्तात सोडतो. औषध लिहिताना मात्र सगळ्यात जास्त कामाला येते ती एरिया पोस्ट्रेमा: मेड्युलाच्या (मेंदूच्या देठाचा सगळ्यात खालचा भाग) मागच्या बाजूला, चौथ्या व्हेंट्रिकल या द्रवाने भरलेल्या पोकळीच्या तळाशी.

रक्तात काय मिसळलंय याची चव घेणं हे तिचं काम. तिथे डोपामिन या मेंदूतल्या संदेशवाहक रसायनाचे डी-२ रिसेप्टर (ते रसायन ओळखणाऱ्या जागा) दाट आहेत. ते चाळवले की मळमळ सुरू होते. पार्किन्सनच्या रुग्णाला मेंदूतलं डोपामिन वाढवायला लेव्होडोपा दिला की त्यातला बराचसा मेंदूबाहेरच डोपामिन बनतो. हा डोपामिन मेंदूत शिरू शकत नाही, पण एरिया पोस्ट्रेमाला तो लगेच कळतो. म्हणून सोबत कार्बिडोपा देतात. तोही बॅरिअर ओलांडत नाही, बाहेरचं रूपांतर तेवढं रोखतो.

तरीही मळमळलं तर डी-२ रिसेप्टर अडवणारं डोंपेरिडोन. ते आत फारसं जात नाही, त्यामुळे मेंदूत हालचाली सांभाळणाऱ्या डोपामिनचं काम शाबूत राहतं. तेच रिसेप्टर अडवणारं मेटोक्लोप्रामाइड आत जातं. तरुणांमध्ये त्याने मान वाकडी होते, डोळे वर फिरतात, जबडा आवळतो. पार्किन्सनमध्ये थरथर आणि ताठरपणा वाढतो. या रुग्णांना ते देऊच नये, असं माझं ठाम मत आहे.

डोंपेरिडोनही निर्धोक नाही. मोठ्यांना १० मिग्रॅ, दिवसातून जास्तीत जास्त ३ वेळा, तेही थोडेच दिवस. ते ईसीजीतला क्यूटी (हृदयाच्या ठोक्यातला एक कालावधी) लांबवतं, त्याने ठोके धोकादायकरीत्या बिघडू शकतात; क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक किंवा केटोकोनाझोल हे बुरशीचं औषध सोबत असेल तर धोका आणखी वाढतो. पिट्यूटरीचा पुढचा भागही बॅरिअरबाहेरच; डोपामिन तिथे प्रोलॅक्टिन या दूध आणणाऱ्या हार्मोनला आवरतं, ते अडवलं की प्रोलॅक्टिन वाढून स्तनांतून दूध येऊ शकतं. आपल्याकडे पँटोप्राझोल या अ‍ॅसिडिटीच्या औषधासोबतची डोंपेरिडोनची कॅप्सूल महिनोन्‌महिने घेतली जाते, तेव्हा हे कुणी विचारतच नाही.

आणखी एक गोष्ट. उचकी किंवा उलटी ४८ तासांहून जास्त थांबत नसेल आणि पोटाच्या तपासण्या स्वच्छ असतील, तर न्यूरोमायलायटिस ऑप्टिका आठवावा: डोळ्यांच्या नसा आणि मज्जारज्जूवर शरीराचीच प्रतिकारशक्ती हल्ला करते असा आजार. त्यात एरिया पोस्ट्रेमालाही सूज येऊ शकते. एमआरआयमध्ये मेड्युलाचा मागचा भाग नीट पाहावा आणि रक्तात या आजाराची खूण असलेली अ‍ॅक्वापोरिन-४ अँटिबॉडी तपासावी; दृष्टी जाण्याआधी निदान होऊ शकतं.